फक्की

रेघ मारायची तर हात सैल हवा.
डालड्याचा डबा, तळाला भोकं पाडलेला,
आत फक्की, आणि चालायचं उलटं.
पुढे बघत गेलं की रेघ वाकते.
हे मला पदाजी मढवींनी शिकवलं,
करावे गावामागे, खाडीकडच्या मोकळ्या जागेत,
जिला तेव्हा सेक्टरचा नंबर होता,
सेक्टर नव्हता.

पहिल्या साली सहा संघ.
दिवाळे, करावे, सारसोळे,
तुर्भ्याच्या रंगाच्या कंपनीचा एक,
बाजार समितीतल्या माथाडींचा एक,
सगळे साताऱ्याकडचे, कबड्डीच्या मांड्यांचे,
बॉल सुटला तर माणूस धरायचे.
सहावा कुठला ते वहीत दिसत नाही.
चहा सांडलाय.

गोलची जाळी दिवाळ्याच्या होडीवरून यायची,
शनिवारी बोंबील, रविवारी बॉल.
सुकुमारन, रंगवाल्यांचा गोलकीपर, म्हणायचा,
इथे गोल खाल्ला की जेवायला नको.
चषक कुणी दिला नव्हता.
एकनाथ गावंडने तो रात्रपाळीत लेथवर कातला,
स्टेनलेसचा पाईप, खाली फ्लँज,
बोल्टची चार भोकं तशीच.
फोरमनने विचारलं, हे कुठल्या ड्रॉइंगमधलं?
एकनाथ म्हणाला, रविवारच्या.

मग वाढलं.
घणसोली आली, ऐरोली आली,
उरणची पोरं टेम्पोत उभी राहून आली.
चौदा संघ, देवळातला भोंगा,
गटारासाठी आणून ठेवलेल्या सिडकोच्या पायपांवर
माणसं पाय सोडून बसलेली,
पायपाच्या आत पोरं, ओरडलं की घुमायचं.
दमयंती भोईर कलेजी-पाव विकायची
आणि ऑफसाईड तिला लाईनमनच्या आधी दिसायचा.
एका फायनलसाठी शाळेने चाचणी पुढे ढकलली म्हणतात.
वहीत तशी नोंद नाही.

मोडली कशी, विचारतात.
काय सांगू? काच फुटते तशी नाही मोडली.
रंगाच्या कंपनीला कुलूप लागलं,
अकराचे सात झाले, सातांनी तरी खेळून पाहिलं.
साडेबारा टक्क्यांचे प्लॉट सुटले,
सेंटर फॉरवर्ड बिल्डरच्या ऑफिसात बसू लागला.
एका भाऊंनी आपल्या नावाचा चषक आणला, कमरेएवढा,
वर रोख एक्कावन्न हजार.
तेव्हापासून अशी पोरं उतरू लागली
ज्यांची नावं मला वहीत लिहिण्याआधी विचारावी लागत.
त्यातल्याच एकाने पेनल्टीवरून
पदाजींच्या तोंडातली शिट्टी ओढली.
दात पडला.
त्यांनी तो खिशात ठेवला,
घड्याळ बघितलं,
राहिलेली अकरा मिनिटं बोटं तोंडात घालून पुरी केली.
पुढच्या रविवारी आले नाहीत.
मी त्यांच्या घरी गेलो, तर म्हणाले, गुडघा दुखतोय.

आता नातू नेरुळला खेळतो,
जाळीच्या पिंजऱ्यात, तासाच्या भाड्याने.
हिरवं प्लास्टिक, रेघा जन्मापासूनच्या.
छान खेळतो, डावा पाय आजोळचा.
एकदा चप्पल काढून आत उभा राहिलो,
तळवे भाजले.

फक्कीची शेवटची गोणी माळ्यावर आहे.
ओल धरून दगड झाली,
बायको म्हणते टाका, मी म्हणतो भिंतीला होईल.
भिंत तर ऑइलपेंटची.

आणि वही.
शेवटच्या पानावर, दोन हजार नऊ,
दिवाळे विरुद्ध माथाडी.
खाडीकडचा कॉर्नर पाण्यात गेला,
झेंडी वाहत निघाली, हिराजी तांडेल पोहून घेऊन आला.
माझंच अक्षर: भरती. सामना पुढे ढकलला.
गुणांचे दोन्ही रकाने कोरे.
तिथे आता बेसमेंटसकट बावीस मजले आहेत.

परवा हिराजीचा फोन आला,
ऐकू कमी येतं, म्हणून ओरडूनच बोलतो.
पोरीच्या लग्नाचं सांगितलं, हॉलचं भाडं सांगितलं,
ठेवता ठेवता म्हणाला,
"आनि आपली म्याच बाकी हाय रं.
सुकती कवा हाय ती बघून सांग."